सावली मोठी होते तेव्हा

डोळ्यांना दिसणाऱ्या धोक्यांत एक खूण हमखास असते: अंगावर येणारी वस्तू मोठी मोठी होत जाते. आभाळातून उतरणारी घार असो, झेपावलेले मांजर असो की माशीवर उगारलेला हात, डोळ्याच्या पडद्यावर उमटलेला तिचा डाग चहूबाजूंनी पसरत जातो. ती वस्तू नेमकी कोणती, केवढी आणि किती लांब, हे ओळखायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ हातात नसतो. डाग पसरतो आहे एवढेच कळायला मात्र मोजक्या पेशी पुरतात. टोळ, माशी, मासा, उंदीर, माकड अशा एकमेकांशी दूरचेच नाते असलेल्या प्राण्यांच्या मेंदूत या खुणेवर पहारा देणारी यंत्रणा सापडली आहे. खूण पटल्यावर पळायचे की नाही, केव्हा पळायचे आणि कुठे, हे ठरवण्याचे काम त्यानंतरचे. पळणारा प्राणी घाबरून सैरावैरा धावतो असे वरवर दिसते. आत पाहिले तर तिथे बराच हिशेब चाललेला असतो.

अमेरिकेत १९६२ मध्ये विल्यम शिफ, जेम्स केव्हिनेस आणि जेम्स गिब्सन यांनी ऱ्हीसस माकडांसमोर पडदा उभा करून त्यावर नुसती सावली पाडली. सावली झपाट्याने मोठी झाली की माकडे मागे उडी घेत, पिंजऱ्याच्या मागच्या टोकाला जात, पिल्ले ओरडतही. तीच सावली आकसत गेली तर भीतीचे नाव नाही, उलट कुतूहलाने बघत राहत. पडदा नुसता उजळला किंवा अंधारला तरी त्यांचे फारसे बिघडत नसे. अंगावर काही आदळत नव्हते, वाऱ्याची झुळूक नव्हती, आवाज नव्हता. घाबरायला डागाचे पसरणे पुरेसे होते.

या पसरण्याचे गणित मोठे फसवे आहे. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास सव्वासात सेंटिमीटरच्या आसपास असतो. २० मीटरवरून तो डोळ्याशी जेमतेम ०.२ अंशाचा कोन करतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहूनही लहान दिसतो. तो १० मीटरवर आला की कोन ०.४ अंश होतो. अर्धा प्रवास संपला, तरी वाढ अवघी ०.२ अंशाची. एक मीटरवर मात्र तो ४ अंशांचा होतो, अर्ध्या मीटरवर ८ आणि पाव मीटरवर १६. सगळी वाढ अखेरच्या क्षणात कोंबलेली असते. धोका नीट दिसेपर्यंत थांबणाऱ्याला पळायला वेळ उरत नाही. लवकर पळणाऱ्याला प्रत्येक पानाच्या हालचालीवर घास टाकून धावावे लागते.

यातून सुटायला एक युक्ती आहे. दिसणाऱ्या कोनाला तो कोन वाढण्याच्या वेगाने भागले की टक्कर होण्यास उरलेला वेळ मिळतो. १० मीटरवरचा चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने येत असेल तर भागाकार अर्धा सेकंद येतो, आणि त्यासाठी अंतर, वेग किंवा चेंडूचा खरा आकार यांतले काहीही ठाऊक असावे लागत नाही. गंमत म्हणजे ही युक्ती प्राणिशास्त्राच्या आधी एका कादंबरीत आली. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांच्या १९५७ च्या ‘द ब्लॅक क्लाउड’मध्ये पृथ्वीकडे येणारा मेघ केव्हा पोहोचेल हे याच पद्धतीने काढले आहे. पुढे १९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी गाडीचालक ब्रेक केव्हा दाबतात हे समजावताना तिचा उपयोग केला. प्रत्येक प्राण्याचा मेंदू हुबेहूब हाच भागाकार करतो असे मात्र नाही.

टोळाचेच पाहा. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड उतरली तेव्हा शेतकऱ्यांनी डबे-थाळ्या वाजवून ती हुसकावण्याचा प्रयत्न केला. अशा दाट थव्यात उडणारा टोळ शेजाऱ्यावर आदळत नाही आणि पक्ष्याच्या झेपेतूनही निसटतो. टोळाच्या डोळ्यामागे एक मोठी चेतापेशी असते. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एलजीएमडी म्हणतात. तिच्या शाखा पंख्यासारख्या पसरलेल्या असतात आणि जवळजवळ संपूर्ण डोळ्याकडून येणारे संदेश त्या गोळा करतात. तिचा प्रत्येक ठोका, म्हणजे विजेचा संदेश, दुसरी एक पेशी जसाच्या तसा उचलते आणि छातीतल्या, पाय-पंख हलवणाऱ्या चेताकेंद्रांकडे पोहोचवते. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात क्लेअर रिंड आणि पीटर सिमन्स यांनी १९९० च्या दशकात दाखवले की ही पेशी नुसत्या हालचालीपेक्षा थेट अंगावर येणाऱ्या वस्तूला कितीतरी जोरात दाद देते. त्यांनी टोळाला ‘स्टार वॉर्स’मधली दृश्ये दाखवून तिचे ठोके टिपले. अवकाशयाने पडद्यावरून अंगावर येत आणि पेशी खडखडू लागे. या प्रयोगाला २००५ चे इग्नोबेल पारितोषिक मिळाले. इग्नोबेल आधी हसवते आणि मग विचार करायला लावते. इथे विचार करण्याजोगे पुष्कळ होते.

ही पेशी येणारी आणि जाणारी वस्तू वेगळी कशी ओळखते? हलणारी प्रत्येक कडा डोळ्यात दोन लाटा उठवते, एक उत्तेजनाची आणि तिच्या मागोमाग शेजारी पसरणारी दडपणाची. कडा सावकाश सरकत असेल किंवा वस्तू लांब जात असेल, तर दडपण उत्तेजनाला गाठून विझवते. वस्तू जवळ येत असेल तर कडांचा वेग वाढत जातो, त्या लांबतही जातात, आणि उत्तेजन दडपणाच्या पुढे राहते. फाब्रिझिओ गाब्बियानी आणि जील लोराँ यांनी पुढे मोजले तेव्हा असे दिसले की ठोक्यांचा जोर चढत जातो, शिखर गाठतो आणि टकरीआधीच उतरतो. डाग एका ठरावीक कोनाएवढा झाला की त्यानंतर ठरावीक विलंबाने हे शिखर येते. हा कोन साधारण १५ ते ४० अंशांच्या दरम्यान असतो. हात लांब धरून बोटे ताणली तर वीत सुमारे २० अंशांची दिसते. म्हणजे टोळ उरलेला वेळ मोजत नाही, आकार एका मर्यादेला पोहोचण्याची वाट पाहतो. तोवर तो स्वस्थ मात्र नसतो. ठोके वाढू लागले की मागचे पाय दुमडतात आणि पाय ताणणारे व दुमडणारे स्नायू एकाच वेळी आवळले जाऊन ओढलेल्या गलोलीसारखी ताकद साठते. शिखर येऊन गेले की ती सुटते.

माशीची गोष्ट याहून चपळ. माणसाला सेकंदाला पन्नास-साठ वेळा लुकलुकणारा दिवा अखंड दिसतो. घरमाशीचा डोळा दोनशेहून अधिक लुकलुकी वेगवेगळ्या टिपतो. उगारलेला हात तिला सावकाश येताना दिसतो म्हणायला हरकत नाही. पण माशी हातून निसटते ती केवळ डोळ्यांमुळे नव्हे. ग्विनेथ कार्ड आणि मायकेल डिकिन्सन यांनी २००८ मध्ये फळमाशीच्या उड्डाणांचे अतिवेगवान चित्रण केले. उडण्याच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीच माशी तयारीला लागलेली असते. धोका समोरून येत असेल तर मधले पाय पुढे रोवून ती अंग मागे झुकवते. मागून येत असेल तर पाय थोडे मागे घेते. बाजूने येत असेल तर विरुद्ध बाजूला कलते. मग पायांनी रेटा दिला की शरीर आपोआप धोक्यापासून दूर फेकले जाते. कोणत्या बाजूला उडायचे हे पंख उघडण्याआधीच ठरलेले असते. माशी मारणाऱ्याने ती बसली आहे त्या जागेवर नेम धरू नये, ती उडून जिथे जाईल तिथे धरावा, हा या संशोधनातून निघालेला फुकटचा सल्ला.

माशीच्या मेंदूत हे घडवणाऱ्या पेशी आता नावानिशी ठाऊक आहेत. त्यांतल्या एलपीएलसी-२ या पेशीची रचना पाहण्यासारखी आहे. तिच्या शाखा चार थरांत शिरतात आणि प्रत्येक थर एकेकाच दिशेची हालचाल ओळखतो: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. वरच्या बाजूची शाखा वर सरकणाऱ्या कडेला दाद देते, खालची खाली सरकणाऱ्या. त्यामुळे मिटलेली छत्री उघडावी तसे केंद्रातून चारी बाजूंना एकदम काही पसरले तरच पेशी जोरात बोलते. डाग नुसता आडवा सरकला तर एका शाखेला मिळालेले उत्तेजन दुसरीकडचे दडपण खाऊन टाकते. एलपीएलसी-२ डागाचा आकार कळवते आणि एलसी-४ नावाच्या दुसऱ्या पेशी तो वाढण्याचा वेग. दोघींचे संदेश ज्या जाडजूड पेशीवर येऊन मिळतात तिला जायंट फायबर म्हणतात. अशा पेशी दोनच, डाव्या-उजव्या बाजूला एकेक.

जायंट फायबरचा एकच ठोका उडी घडवायला पुरतो. तरी बहुतेक वेळा माशी त्याची वाट पाहत नाही. धोका बेताने येत असेल तर इतर पेशींच्या वाटेने ती आधी पंख उचलते, मग उडी मारते. उड्डाण सावरलेले असते. डाग फार वेगाने पसरला तर ही आवराआवर पूर्ण होण्याआधीच जायंट फायबरचा ठोका येऊन थडकतो आणि ७ मिलिसेकंदांच्या आत पाय झटकले जातात. पंख धड उघडलेले नसतात, माशी हवेत कोलांट्या खाते, पण वाचते. सावरून उडणे की जीव घेऊन उडणे, ही निवड कोणता ठोका आधी येतो यावर होते.

इतकी झटपट यंत्रणा बाळगण्याची किंमत असते: ती ज्याला ठाऊक आहे, त्याला ती वापरताही येते. पाण्यातल्या माशांच्या मेंदूत मॉथनर नावाच्या दोन मोठ्या पेशी असतात, डावी आणि उजवी. डोळ्यांचे आणि कानांचे दोन्ही संदेश त्यांच्यापर्यंत येतात. डावीकडून धक्का आला की डावी पेशी ठोका देते. तिचा तंतू शरीराच्या उजव्या बाजूला जातो, तिकडचे स्नायू आवळतात आणि मासा इंग्रजी सी अक्षरासारखा वाकून धोक्यापासून दूर वळतो. आग्नेय आशियात इरपेटॉन नावाचा पाणसाप आहे, तोंडावर दोन मिशा असलेला. तो पाण्यात जे अक्षरासारखा वाकून निपचित पडतो आणि मासा त्या वळणात आला की डोके हलवण्याआधी मानेखालचा भाग किंचित थरथरवतो. मासा त्या बाजूने धोका आला समजून उलट वळतो, तो बऱ्याचदा थेट सापाच्या तोंडाकडे. अमेरिकेतल्या केनेथ कटानिया यांनी २००९ मध्ये हे दाखवले. इथे फसवला जातो तो माशाचा डोळा नव्हे, कान. पण फसगत त्याच मॉथनर पेशीच्या घाईमुळे होते. नुकते जन्मलेले, कधीही शिकार न केलेले सापही मासा वळून जिथे येईल त्या जागेवर नेम धरतात.

डोळ्यांना फसवणारा पक्षी महाराष्ट्रातल्या बागांतही दिसतो. नाचण शेपटीचा पंखा उघडत-मिटत फांद्यांवरून इकडून तिकडे वळत राहते. तिचे ते नाचणे बघणाऱ्याला सुंदर वाटते; पानाआडच्या किड्याला तो अचानक पसरणारा डाग वाटतो. किडा उडतो आणि नाचण त्याला हवेत टिपते. मेक्सिको आणि ॲरिझोनातल्या रेडस्टार्ट पक्ष्यांची रीत अशीच आहे. पिओत्र याब्लोन्स्की यांनी त्या पक्ष्यांच्या पिसांवरचे पांढरे पट्टे काळे केले तेव्हा त्यांना किडे कमी मिळू लागले. काळ्या-पांढऱ्याचा ठळक भेदच किड्यांच्या पळपेशींना जागवत होता.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत या कामाचे ठाणे मध्यमेंदूच्या छतावर असते. मासे, बेडूक, पक्षी यांत त्याला टेक्टम म्हणतात, सस्तन प्राण्यांत सुपीरिअर कोलिक्युलस. समोर आलेली वस्तू खायची की तिच्यापासून पळायचे, हा निवाडा इथे आणि आसपास होतो. जर्मन शास्त्रज्ञ यॉर्ग-पेटर एव्हर्ट यांनी भेकांवर केलेले प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहेत. अळीसारखी लांबट, आडवी सरकणारी पट्टी दिसली की भेक तिच्यावर झडप घालतो. मोठी वस्तू दिसली की अंग चोरतो किंवा पळतो. टेक्टमच्या पुढच्या एका छोट्या भागाला इजा केली की हा विवेक जातो आणि मोठ्या वस्तूही त्याला भक्ष्य वाटू लागतात. पळायला लावणारा भाग झडपेला आवरही घालत असतो, हे त्यावरून उघड झाले.

उंदरांवरचे काम अलीकडचे आणि सर्वांत बारकाईचे. २०१३ मध्ये मेलिस यिल्माझ आणि मार्कुस माइस्टर यांनी उंदरांच्या पेटीवर छतासारखा पडदा बसवला. त्यावर काळे वर्तुळ झपाट्याने मोठे झाले की प्रयोगशाळेत जन्मलेले, ससाणा कधीही न पाहिलेले उंदीर पहिल्याच खेपेला कोपऱ्यातल्या घरट्यात पळाले किंवा जागच्या जागी थिजले. पुढच्या प्रयोगांत कळले की वर्तुळ न वाढता लहानसेच राहून आभाळातून जाणाऱ्या पक्ष्यासारखे सरकत गेले तर उंदीर पळत नाहीत, थिजतात. यात शहाणपण आहे: लांबच्या घारीला हललेले चटकन दिसते.

लंडनमध्ये टियागो ब्रँको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हा निर्णय पेशींच्या पातळीवर उलगडला. वर्तुळ फिकट केले की उंदीर उशिरा आणि कमी वेळा पळतात. सुपीरिअर कोलिक्युलसच्या खोल थरातल्या पेशी धोक्याचा पुरावा साठवत नेतात. त्यांचे ठोके पळण्याआधीपासून वाढू लागतात. तिथून संदेश खाली पेरिअॅक्वेडक्टल ग्रे, थोडक्यात पॅग, या भागाकडे जातो. पण हा दुवा मुद्दाम कच्चा ठेवल्यासारखा आहे. एखाद-दुसऱ्या पेशीच्या ओरडण्याने पॅग जागा होत नाही. पुष्कळ पेशी एकत्र आणि काही काळ ओरडल्या तरच होतो. तो जागा झाला की पळणे सुरू, आणि किती वेगाने, हेही त्याच्याच जोरावर. कोलिक्युलस बंद केला तर उंदराला धोक्याचे काही वाटतच नाही. पॅग बंद केला तर धोका कळतो, पण तो पळण्याऐवजी थिजतो. धोका जाणवणे आणि पळायचे ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे याहून स्वच्छ दाखवणे अवघड.

पळायचे कुठे, याचे उत्तर डोळ्यांसमोर नसते, आठवणीत असते. उंदीर घरट्याची जागा चटकन लक्षात ठेवतो आणि धोका दिसला की घरटे दिसत नसले तरी थेट त्या दिशेला धावतो. घरटे हलवले तर आधी जुन्या जागी जातो. पेटीत लपायला जागाच नसेल तर त्याच काळ्या वर्तुळाला तो थिजून उत्तर देतो. मुंबईच्या किंवा कोकणातल्या खाडीच्या चिखलात एक नांगी भलीमोठी असलेले फिडलर खेकडे दिसतात. त्यांच्या जातभाईंवर ऑस्ट्रेलियात यान हेमी यांनी दोरीवरून सरकणारा नकली पक्षी सोडून पाहिला. बिळापासून दूर गेलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी असलेल्यांपेक्षा आधीच पळत सुटतात. परतीचे अंतर त्यांच्या निर्णयात धरलेले असते. पळण्याचा असा जमाखर्च रॉन यिडेनबर्ग आणि लॉरेन्स डिल यांनी १९८६ मध्ये मांडला: धोका दिसता क्षणी पळणे परवडत नाही, थांबण्याची जोखीम पळण्याच्या खर्चाएवढी झाली की पळावे.

सवयीचाही यात मोठा वाटा आहे. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी १९३० च्या दशकात पक्ष्यांच्या पिलांवरून पुठ्ठ्याची एक आकृती सरकवली. एका दिशेने ती आखूड मानेच्या ससाण्यासारखी दिसे, उलट दिशेने लांब मानेच्या हंसासारखी. पिले ससाण्याला घाबरत, हंसाला नाही, म्हणजे ससाण्याची ओळख उपजतच असणार, असा अर्थ तेव्हा लावला गेला आणि तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. वुल्फगांग श्लाइट यांनी टर्की पक्ष्यांवर प्रयोग करून १९६१ मध्ये त्याला धक्का दिला. डोक्यावरून वारंवार जाणाऱ्या आकृतीची पिलांना सवय होते. क्वचित दिसणाऱ्या आकृतीला ती घाबरतात, मग ती ससाण्याची असो की हंसाची.

तरी काही फरक उपजत असतातच. उत्तर अमेरिकेत पेरोमिस्कस वंशाच्या उंदरांच्या दोन जाती आहेत. मॅनिक्युलॅटस दाट गवतात राहतो, पोलिओनोटस उघड्या माळावर. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फेलिक्स बायर, होपी होकस्ट्रा, कार्ल फॅरो आणि सहकाऱ्यांनी दोघांना तेच पसरणारे वर्तुळ दाखवले. गवतातला तडक धावला. माळावरचा आधी थिजला. त्याला पळायला लावण्यासाठी धोका अधिक ठळक करावा लागला. जिथे लपायला गवत नाही तिथे धावणे म्हणजे घारीला आपला पत्ता देणे. दोघांच्या डोळ्यांत किंवा कोलिक्युलसमध्ये याचे कारण सापडले नाही. फरक निघाला पॅगमध्ये. तिथल्या पेशी प्रकाशाने चेतवल्या की मॅनिक्युलॅटस धावतो, पोलिओनोटस धावत नाही. मॅनिक्युलॅटसच्या त्याच पेशी औषधाने मंद केल्या, तर तोही पोलिओनोटसइतकाच उशिरा पळू लागतो.